हैबतीची पाणबुडी

हैबती गेल्याचं मला कळलं ते शाळेच्या पटांगणात, मुलांची कवायत चालू असताना. आणि लपवून काय उपयोग, पहिल्यांदा आला तो रागच. त्याच्या भावकीतला एक माणूस कामशेतहून आला होता. टोपी हातात धरून तो फाटकाशी उभा राहिला तेव्हाच मी ओळखलं. त्या आठवड्यात हैबतीचे तीन निरोप आले होते. मास्तरांना म्हणावं लोणावळ्याला या, मी दवाखान्यात पडलोय, पण काम निराळंच आहे. काम काय, ते तिसऱ्या निरोपात कळलं. लोणावळ्याच्या डोंगरात आरमाराने नुकतीच शाळा काढली आहे, पांढऱ्या कपड्यांतले खलाशी बाजारात दिसायला लागले आहेत. तर मास्तरांनी येऊन त्यांना इंग्रजीत विचारावं की, तुमच्याकडे पाणबुडी आहे का, आणि असली तर एका म्हाताऱ्या शिपायाला ती पुन्हा एकदा बघू द्याल का? मी निरोप्यावरच ओरडलो. "अरे, घाटमाथ्यावर पाणबुडी कशाला येईल? त्याला सांग, रविवारी येतो, तोवर गप्प पडून राहा." तो शुक्रवारी गेला. आमच्या सगळ्या ओळखीत या माणसाने एकही काम वेळेवर केलं नव्हतं. ठरलेल्या गाडीला तो कधी आला नाही, सांगितलेल्या दिवशी कधी उगवला नाही. आणि इथे मात्र दोन दिवसांची घाई केली…

आमची ओळख पहिल्या लढाईतली. मी तळेगावच्या शाळेत नुकताच लागलो होतो आणि घरच्यांशी भांडून पलटणीत कारकून म्हणून भरती झालो. हैबती पवनेकाठचा, शेतकऱ्याचा मुलगा, साधा शिपाई. मी मावळातला आहे हे कळल्यापासून त्याने मला जो धरला तो धरलाच. त्याची पत्रं मी लिहायची, त्याला आलेली मी वाचायची, आणि वाचून झाल्यावर "पुन्यांदा वाचा" म्हटलं की पुन्हा वाचायची. बसऱ्याच्या उन्हात, डोक्यावर माश्या घोंगावत असताना, पवनेला पूर आला आणि तांबडी गाय व्यायली हा मजकूर मी सात-सात वेळा वाचला आहे. त्याचा धाकटा भाऊ नथू हाही भरती झाला होता, पण खेचरं सांभाळायच्या तुकडीत. ती तुकडी बोटीने दुसरीकडे चालली होती आणि वाटेत भूमध्य समुद्रात जर्मनांच्या पाणबुडीने ती बोट बुडवली. सरकारी कागद आला तो मीच वाचला. त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. हैबतीने त्या दिवशी "पुन्यांदा वाचा" म्हटलं नाही.

लढाई संपल्यावर विजयाच्या मिरवणुकीसाठी हिंदी फौजेतली काही माणसं विलायतेला नेली, त्यात आम्ही दोघं होतो. तिथे साहेब लोक आम्हांला लॉऱ्यांत घालून रोज काहीतरी दाखवायचे. राजवाडा, पूल, जनावरांची बाग… हैबतीला कशाचंच कौतुक नव्हतं. सगळीकडे तो लॉरीच्या फळीवर पाय पसरून झोपायचा. एके दिवशी मात्र आम्हांला गोदीत नेलं. तिथे जर्मनांकडून घेतलेली एक पाणबुडी धक्क्याला बांधून ठेवली होती. तिचं काम संपलं होतं. आता ती लोकांना बघायला खुली केली होती. गोऱ्या बायका, मुलं, म्हातारे, सगळे रांग लावून एका दारातून आत उतरत होते आणि दुसऱ्या दारातून बाहेर येत होते. हे काय आहे ते मी हैबतीला सांगितलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं पुढल्या घटकाभरात मला वाटलं.

आत जेमतेम एक माणूस वाकून जाईल एवढी वाट. दोन्ही बाजूंना नळ्या, चाकं, घड्याळासारख्या तबकड्या, तेलाचा वास. दाखवायला एक म्हातारा इंग्रज खलाशी ठेवला होता, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला. तो पाठ केलेलं भराभर बोलायचा आणि रांग पुढे ढकलायचा. हैबती प्रत्येक गोष्टीपाशी थांबला. "इचारा, मास्तर, वारा कुटनं घेत्यात? इचारा, भाकरी कुटं भाजत्यात? ह्यो एवढाच बिछाना? मानूस आडवा कसा हुतो?" आणि मागे दोन मडमा खेटून उभ्या असताना, "परसाकडला कुटं जायाचं त्ये इचारा." मी नाही विचारत म्हटलं. त्याने रांग अडवून धरली. शेवटी विचारलं. मडमा हसल्या, खलाशीही हसला आणि त्याने एक लोखंडी कपाट उघडून दाखवलं. माझे कान तापले होते. मी हैबतीला कोपराने ढोसत पुढे ढकलत होतो, आणि तो पुढे सरकण्याऐवजी खलाशाजवळ जाऊन उभा राहिला. म्हणाला, "आता ह्ये इचारा. वरच्या बोटीला ही मारती कशी? आन् मारल्यावर बोट किती येळात बुडती?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खलाशाला सांगितलं, याचा भाऊ अशाच बुडवलेल्या एका बोटीवर होता. त्या म्हाताऱ्याने रांग थांबवली. मग आम्हांला पाणबुडीच्या मधोमध नेलं. तिथे वरून एक जाड नळी खाली आली होती. पाण्याखाली राहून वरचं बघायची ती आरशांची नळी. हैबतीने तिला डोळा लावला. त्याला काय दिसलं ते त्याने मला तिथेच सांगितलं. धक्क्यावर एक बाई बाकावर बसून पोराला पाव भरवत होती. पोराच्या हनुवटीला लागलेलं लोणीसुद्धा दिसत होतं. हैबती नळीपासून बाजूला झाला आणि म्हणाला, "मंजी त्येला दिसत व्हतं." मग त्याने माझी बाही ओढली. तो म्हणाला, "इचारा. बोट फुटल्यावर मानसं पान्यात पडत्यात, तवा ह्ये काय करत्यात?" मी विचारलं. खलाशाने बोटं नसलेला हात खिशात घातला. तो स्वतः लढाईभर इंग्रजांच्या पाणबुडीवर होता, हे तेव्हा कळलं. म्हणाला, आम्हीही बघायचो. मग नळी खाली घ्यायचो आणि निघून जायचो. वर येणं धोक्याचं असायचं. मी ते मराठीत सांगितलं. हैबतीने ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा नळीला डोळा लावला. मी म्हटलं, चल आता, लॉरी सुटेल. तो म्हणाला, "सुटंना का." आणि खरंच सुटली. परक्या मुलखात आम्ही चालत, वाट विचारत, दिवेलागणीच्या पुढे छावणीत पोचलो. हैबती शिपाईच होता, त्याचं कोण काय काढून घेणार? माझ्या बाहीवरची एक फीत मात्र गेली. ती मिळवायला मला दोन वर्षं लागली होती. पुढे आयुष्यभर मी त्याला हे ऐकवलं आणि आयुष्यभर तो म्हणाला, "फीत काय, लुगडं हाय का अंग झाकाया?"

घरी आल्यावर मला वाटलं होतं, संपलं. मी शाळेत पुन्हा रुजू झालो, तो शेतीला लागला, आणि पुढे लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकामही करायला लागला. पण बाजाराच्या दिवशी तो तळेगावात हजर. शाळेच्या खिडकीतून त्याचं मुंडासं दिसलं की मी हातातला खडू खाली ठेवायचो. तो कुणालातरी बरोबर घेऊन यायचा, कधी गावचा पाटील, कधी कोणी पाहुणा, कधी वाटेत भेटलेला धनगर. त्याला माझ्यासमोर उभा करायचा आणि म्हणायचा, "मास्तर, तुमी सांगा. पान्याखालनं नाव जाती का न्हाई?" मी म्हणायचो, जाते. "तुमी सवता बघितली का न्हाई?" बघितली. मग तो त्या माणसाकडे अशा चेहऱ्याने बघायचा की जणू ती त्यानेच बांधली होती. हेडमास्तरांनी मला दोनदा समज दिली. माझी बायको तर त्याला 'पाणबुडीवाले' म्हणूनच चहा द्यायची आणि चहात गूळ का नाही म्हणून तो तिच्याशी वेगळा वाद घालायचा. मला वाटायचं, विलायत पाहून आल्याची फुशारकी आहे, दुसरं काय? मी त्याला तोंडावर तसं म्हटलंही. त्याने उलट उत्तर दिलं नाही. हैबतीचा हा सगळ्यांत मोठा दोष होता. ज्या गोष्टी सांगायला हव्या त्या तो सांगायचा नाही आणि ज्या सांगू नयेत त्या चव्हाट्यावर सांगायचा.

दोन वर्षांनी त्याने शाळेचा फुटबॉल नेला. विचारूनच नेला, पण मी 'नाही' म्हटल्यावर नेला. फुटबॉल परत आणला, पण आतला रबरी फुगा काढून ठेवला, आणि हवा भरायचा पंपही. मी तणतणत रविवारी त्याच्या गावी गेलो. कामशेतला उतरून दोन तास चाललो. बघतो तर नदीच्या डोहापाशी हा गुडघाभर पाण्यात उभा. रॉकेलचा डबा कुणाकडून तरी कथिलाचा डाक मारून बंद केलेला, खाली भोकं, आत शाळेचा फुगा, आणि फुग्याला जोडलेली लांब नळी काठावरच्या पंपापर्यंत. भोकांतून पाणी शिरलं की डबा बुडायचा. पंपाने आतला फुगा फुगवला की पाणी बाहेर ढकललं जाऊन तो वर यायला हवा होता. यायला हवा होता… त्या दिवशी पहिल्यांदा तो बुडेचना. धोंडे बांधले तेव्हा बुडाला तो उलटा होऊन, नळी सुटली, आणि शाळेचा फुगा डोहाच्या तळाशी. काठावर सारं गाव हसत होतं. त्याला पोहता येत नव्हतं. मला येत होतं. कोट, धोतर, टोपी काठावर ठेवून, पंचा नेसून, तळेगावच्या शाळेचा एक शिक्षक सगळ्या गावासमोर डब्यासाठी बुड्या मारत होता, हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. डबा काढून मी त्याच्या पायाशी आदळला आणि म्हटलं, पुन्हा माझ्या शाळेत पाऊल टाकलंस तर बघ. तो म्हणाला, "पुढल्या रविवारी या. डबा नीट करून ठिवतो."

पुढल्या रविवारी मी गेलो. का गेलो, विचारू नका. फुगा परत आणायचा होता असं बायकोला सांगितलं. या वेळी गाव नव्हतं. काठावर एका खडकावर त्याची म्हातारी आई बसली होती, आणि तिच्यामागे नथूची बायको गया. गयेला मी त्याआधी नीट पाहिलंच नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तेव्हा कुठे हैबतीने तोंड उघडलं, तेही डब्याला धोंडे बांधता बांधता, खालच्या आवाजात. आई नथू गेला असं मानतच नव्हती. 'बेपत्ता' म्हणजे पत्ता सापडत नाही, सापडला की येईल, असं तिचं म्हणणं. ऐन पावसाळ्यात हा डोह ओलांडून परत येणारं पोरगं बुडतं कसं? वादळ नव्हतं, खडक नव्हता, मग गावाएवढी बोट आपसूक फुटते कशी? सरकार खोटं बोलतंय. आणि पाण्याखालून नाव येते म्हणणारा थोरला मुलगा विलायतेत दारू प्यायला शिकला आहे. म्हणून तिने नथूची क्रिया करू दिली नव्हती आणि गयेला माहेरी जाऊ दिलं नव्हतं. आमच्या मावळात कुणबी घरांत विधवेचा पाट लागतो, तिचा संसार पुन्हा उभा राहतो. पण त्यासाठी आधी ती विधवा आहे असं घराने म्हणायला हवं. "चार वर्सं पोर उंबऱ्यावर बसून हाय, मास्तर. कुनाची वाट बघती?" मी पंप हातात धरून उभा होतो. दोन वर्षं मी या माणसाला बढाईखोर म्हणत होतो, आणि त्याने एकदा, एकदासुद्धा, हे मला सांगितलं नव्हतं! मला त्याला डोहात ढकलून द्यावंसं वाटलं.

डबा बुडाला. पाणी वर सपाट झालं, काही दिसेना. "आता मारा पंप," तो म्हणाला. मी मारला, घाम येईस्तोवर मारला, आणि तो डबा डुलत, धोंड्यांसकट, डोहाच्या मध्यावर वर आला. म्हातारी काठी टेकत पाण्याच्या कडेला आली. तिने पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा डबा वर आल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "आतल्याला वरचं दिसतं का रं?"

हैबती पाठमोरा होता. डब्याची दोरी गुंडाळत होता. "न्हाई, आय. चहूबाजूनं लोखंड हाय. काय बी दिसत न्हाई."

"मंजी माझा नथू हाय म्हनून त्येला ठावं नव्हतं?"

"न्हाई."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं जो माणूस रस्त्यावरच्या कुणालाही माझ्यासमोर आणून "तुमी सांगा" म्हणत होता, तो या वेळी काहीच बोलला नाही. दोरी गुंडाळतच राहिला. मी म्हटलं, "नाही दिसत, मावशी." मुलांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारणारा मी. ती म्हणाली, "बरं." आणि गयेच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे चालायला लागली. त्या आठवड्यात डोहाच्या काठी दर्भाचा पुतळा करून नथूची क्रिया झाली. वर्षाच्या आत कार्ल्याकडच्या एका बिजवराशी गयेचा पाट लागला. तिच्यामागे भाऊ म्हणून हैबती उभा राहिला. आमच्या शाळेचा फुगा मात्र त्या डब्यात कुजला आणि नवा येईपर्यंत मुलं चिंध्यांच्या चेंडूने खेळली.

त्यानंतर तरी त्याने मला सोडावं की नाही? दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचाच. ओट्यावर बसायचा, चहात गूळ मागायचा, आणि अर्धा तास झाला तरी कशाला आला ते सांगायचा नाही. एकदा मी चिडून विचारलं, "आईला आपण खोटं सांगितलं, ते तुला खुपतं का?" म्हणाला, "तुमास्नी खुपतं का?" मी हो म्हटलं. "मंग बास. दोगांनी कशाला?"  म्हातारी पुढे दहाएक वर्षं जगली आणि शांतपणे गेली. हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. नाही म्हणायला, लोणावळ्याहून तो तिसरा निरोप आला. पुन्हा ती बघून त्याला काय करायचं होतं, कोण जाणे. मी गेलो असतो तर त्याने सांगितलं असतं, असंही नाही.

तेराव्याला गया आली होती. आता तिचे केस पांढरे झालेत, नातवंडं आहेत. जेवणाची पंगत उठल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "मास्तर, आता आत्याबाई न्हाईत, थोरलं भाऊजी बी गेलं. आता सांगाया काय हरकत? त्या नावंतल्या मानसाला वरचं दिसत व्हतं न्हवं?" मी इकडेतिकडे पाहिलं. पंचवीस वर्षं सांभाळलेली गोष्ट, आणि ज्याच्याशी सल्लामसलत करायची तो नेमका नाही. शेवटी म्हटलं, "दिसत होतं, गयाबाई." तिने पदर नीट केला. "मला वाटलंच व्हतं. भाऊजी पाठ फिरवून बोललं तवाच." मला वाटलं, आता रडेल. पण ती म्हणाली, "बरं झालं. कुनीतरी बगितलं म्हनायचं त्यास्नी. येकटंच गेलं असं नको. लय झ्याक पवायचं त्ये…" आणि उठून उष्ट्या पत्रावळी गोळा करायला गेली. एवढंच. हैबती, आपण दोघं शहाणे समजत होतो स्वतःला!

परवा रविवारी मी कामशेतला उतरलो. काही काम नव्हतं. दोन तास चालून त्याच्या दारात गेलो तेव्हा त्याची बायको धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मास्तर, आज काय काम काढलंसा?"  म्हटलं, "काही नाही, सहज." तिने पडवीतल्या बाजेवरची त्याची घोंगडी झटकली, पुन्हा पसरली. "बसा मग," म्हणाली, "च्या ठिवते." मी बसलो. चांगला अर्धा तास बसलो. चहा गुळाचा होता.